हद्दीपलीकडचा माग : मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेची वाटचाल

क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या दगडी इमारतीत पोलीस आयुक्तालय १८९६ मध्ये आले आणि आजतागायत तिथेच आहे. शहर बदलले, गिरण्या उभ्या राहिल्या आणि बंदही पडल्या, पण मोठा गुन्हा घडला की लोकांची नजर अजून याच इमारतीकडे वळते. इथल्या गुन्हे शाखेच्या कामाचे पैलू अनेक आहेत. स्मरणिकेच्या मर्यादेत ते सगळे मांडणे शक्य नाही. म्हणून या लेखात एकच धागा धरला आहे: गंभीर गुन्हा करून निसटलेल्या माणसाला शोधून काढणे आणि न्यायालयापुढे उभे करणे. या धाग्याने गेले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. पळणाऱ्याने दर पिढीत नवी हद्द गाठली. कधी शेजारचा मोहल्ला, कधी संस्थान, कधी परदेश. ती हद्द ओलांडायची कशी, हे शाखेला दर वेळी नव्याने शिकावे लागले.

पायाभरणी : १८५७ ते १९१६

१८६४ मध्ये सर फ्रँक सूटर मुंबईचे पहिले पोलीस आयुक्त झाले. त्याच वर्षी खानबहादूर शेख इब्राहिम शेख इमाम हे अधिकारी पदावर नेमले गेलेले पहिले भारतीय ठरले. पण मुंबईतल्या गुप्त तपासाची परंपरा त्याआधीची आहे. चार्ल्स फॉर्जेट हे भारतात जन्मलेले, इथल्या भाषा सहज बोलणारे अधिकारी वेषांतर करून शहरात फिरत. १८५७ मध्ये सोनापूर भागातल्या गंगाप्रसादच्या घरी चाललेली शिपायांची मसलत त्यांनी भिंतीच्या भोकातून ऐकली आणि सय्यद हुसेन व मंगल गडिया यांना पकडले. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात त्या दोघांना तोफेच्या तोंडी दिले गेले. सरकारदरबारी ते राजद्रोही होते, आज आपण त्यांना हुतात्मे म्हणतो. ताडदेवच्या रस्त्याला फॉर्जेट यांचे नाव आहे. तपासाचे कौशल्य आणि त्या कौशल्याचा वापर कोणासाठी झाला, या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या पाहिजेत, आणि या संस्थेचा स्वातंत्र्यापूर्वीचा इतिहास वाचताना तर ते सतत करावे लागते.

त्या काळी माणूस ओळखायचा कसा, हाच मोठा प्रश्न होता. नाव बदलले, दाढी वाढवली, की घाटावरचा किंवा कोकणातला आरोपी परळ-लालबागच्या गर्दीत मिसळून जाई. गिरणगावातल्या एकेका खोलीत पाळीपाळीने दहा-पंधराजण झोपत. कोणाचा तरी गाववाला म्हणून आलेल्याला कोणी फारसे विचारत नसे. अडचण अशी मोठी होती, आणि सोयही त्यातच होती. खोलीत कोण नवा आला हे खानावळवालीला माहीत असे, आणि खानावळवालीशी कसे बोलावे हे हवालदाराला माहीत असे. १८९७ मध्ये कोलकात्यात बोटांच्या ठशांचे पहिले कार्यालय निघाले आणि पुढे ही पद्धत देशभर पसरली. नाव बदलता येते, ठसे बदलत नाहीत, या एका गोष्टीने पाठलागाचे शास्त्र झाले. १९०९ मध्ये आयुक्त झालेल्या एस. एम. एडवर्ड्स यांच्या कारकिर्दीत शहराच्या गुन्हे अन्वेषण विभागाची नव्याने बांधणी झाली. आजच्या शाखेचे मूळ त्या बांधणीत आहे.

वीस ते चाळीसचे दशक

१२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याला गोळ्या घालण्यात आल्या. सोबतच्या मुमताज बेगमच्या चेहऱ्यावर वार झाले. गोल्फ खेळून परतणारे काही लष्करी अधिकारी तिथे योगायोगाने पोचले आणि त्यांनी हल्लेखोरांशी झुंज घेतली, म्हणून ती वाचली आणि काही आरोपी हाती लागले. तपासाची सूत्रे आयुक्त पॅट्रिक केली यांच्याकडे होती. माग थेट इंदूर दरबारापर्यंत गेला. संस्थानाच्या हद्दीत मुंबई पोलिसांना हक्काने पाऊल टाकता येत नव्हते, तरीही आरोपी आणले गेले, हायकोर्टात खटला चालला, तिघांना फाशीची शिक्षा झाली. महाराजा तुकोजीराव होळकर १९२६ मध्ये गादीवरून पायउतार झाले. गुन्हेगारामागे सत्ता उभी असली तरी तपास थांबत नाही, हे मुंबईकरांनी त्या प्रकरणात पाहिले.

१९४२ ची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्या ऑगस्टपासून उषा मेहता आणि त्यांचे सहकारी गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालवत होते. जागा बदलत बदलत प्रक्षेपण होई, आणि नोव्हेंबरमध्ये गिरगावच्या पारेखवाडीत पोलिसांनी ते पकडले. अरुणा असफ अली आणि अच्युत पटवर्धन वर्षानुवर्षे भूमिगत राहिले. या मंडळींना लपवणारी घरे गिरगावात होती, दादरला होती. शोधणारे शिपाईही याच शहरातले. सरकारच्या यादीत फरारी ठरलेली ही माणसे देशाचे मानबिंदू ठरली, हे या स्मरणिकेत लिहिताना अभिमानच वाटतो.

महात्मा गांधींच्या हत्येनंतर तपासाची जबाबदारी मुंबईचे उपायुक्त जे. डी. नगरवाला यांच्याकडे आली. नारायण आपटे आणि विष्णू करकरे दोन आठवडे निसटत होते. १४ फेब्रुवारी १९४८ रोजी ते मुंबईतच सापडले. गंगाधर दंडवते, गंगाधर जाधव आणि सूर्यदेव शर्मा हे ग्वाल्हेरचे तीन आरोपी मात्र खटल्याच्या कागदांत फरार म्हणून नोंदले गेले. हत्येपूर्वीच्या दिवसांतील त्रुटींची चौकशी पुढे कपूर आयोगाने केली. ते सारे प्रसिद्ध असल्याने इथे पुन्हा मांडत नाही.

पन्नास-साठचे दशक

१५ ऑगस्ट १९४७ रोजी जे. एस. भरुचा यांच्या रूपाने दलाला पहिले भारतीय आयुक्त मिळाले. पुढच्या दशकात साधने वाढली. कलिन्याची न्यायवैद्यक प्रयोगशाळा १९५८ ची, दलाचे श्वानपथक १९५९ चे.

या साधनांची आणि त्याहून अधिक माणसांची कसोटी १९६८ च्या पावसाळ्यात लागली. उपनगरांतल्या झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेल्या लोकांच्या डोक्यात रात्री जड हत्याराने घाव घातले जात होते. चोरी नाही, वैर नाही, साक्षीदार नाही. मरणारे सगळे गरीब, ज्यांच्यासाठी कोणी वजनदार माणूस फोन करणार नव्हता. शहर भेदरले. चाळींच्या गच्च्या ओस पडल्या, उकाड्यातही लोक दारे लावून झोपू लागले, मोहल्ल्यांतून काठ्या घेऊन गस्ती निघाल्या, आणि अनोळखी भिकाऱ्याला संशयावरून मारहाण होऊ लागली. गुन्ह्यांचा तपास उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होता. दोन वर्षांपूर्वीच्या तशाच हल्ल्यांच्या वेळी संशयावरून पकडलेल्या एका माणसाची जुनी नोंद आणि छायाचित्र त्यांच्या लोकांनी शोधून काढले आणि ते वर्णन पोलीस ठाण्यांत फिरवले.

२७ ऑगस्ट १९६८ रोजी डोंगरी भागात उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी त्या वर्णनाचा माणूस रस्त्यात पाहिला आणि ताब्यात घेतला. त्याने नाव सिंधी दलवाई सांगितले. ठसे जुळवले तेव्हा तो रमण राघव निघाला. पुढे त्याने दिलेल्या कबुलीत खुनांचा आकडा चाळीसच्या पार गेला. फाशीची शिक्षा झाली, पण तो गंभीर मनोविकाराने ग्रस्त असल्याने १९८७ मध्ये हायकोर्टाने ती जन्मठेपेत बदलली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मरण पावला.

या प्रकरणाची आठवण लोक अजून भीतीने काढतात. आम्हाला त्यात दुसरे काही मोठे वाटते. जुनी नोंद कोणीतरी नीट लिहून ठेवली होती, म्हणून ती सापडली. ठशांची पत्रिका जागच्या जागी होती, म्हणून खोटे नाव टिकले नाही. गस्तीवरच्या अधिकाऱ्याने वर्णन वाचून बाजूला टाकले नव्हते, म्हणून गर्दीतला चेहरा त्याला दिसला. ज्या लिपिकाने ती नोंद केली आणि ज्या अंमलदाराने पत्रिका लावून ठेवली, त्यांची नावे कुठे छापून आली नाहीत. या संस्थेचा इतिहास जितका गाजलेल्या अधिकाऱ्यांचा, तितकाच त्यांचाही आहे.

सत्तर-ऐंशीचे दशक

नायगाव, वरळी आणि ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळींत गिरणी कामगार आणि पोलीस शिपाई यांची कुटुंबे एकाच गॅलरीत राहात आली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने ही वस्ती मुळापासून हलली. घरातला पगार थांबला, आणि टोळ्यांना रिकाम्या हातांची पोरे मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोलिसांच्या आंदोलनाने दलातही अस्वस्थतेचे दिवस येऊन गेले. तो विषय या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे. अशा काळातही शाखेची माणसे कामावर उभी राहिली, एवढे नमूद करणे पुरे.

दादरच्या कीर्ती कॉलेजात शिकलेला गुंड मन्या सुर्वे १९७९ मध्ये रत्नागिरीतून पोलिसांच्या हातून निसटला होता. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्याला आंबेडकर कॉलेजजवळ इसाक बागवान आणि राजा तांबट यांच्या पथकाने त्याला गाठले. त्याला पकडायचे होते, पण चकमक झाली आणि तो मारला गेला.

चार्ल्स शोभराजची कथा मुंबई दलात सर्वांत आवडीने सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखीच आहे. मधुकर झेंडे यांनी त्याला १९७१ मध्ये एकदा पकडले होते. अनेक देशांच्या पोलिसांना हवा असलेला हा माणूस १६ मार्च १९८६ रोजी तिहार तुरुंगातून पहारेकऱ्यांना गुंगीचे औषध घालून पळाला. तीनच आठवड्यांत झेंडे आणि त्यांचे सहकारी गोव्यात होते. हाती फारसे काही नव्हते, पण शोभराज परदेशी फोन लावल्याशिवाय राहणार नाही हा अंदाज होता, आणि त्या काळी तशी सोय मोजक्याच ठिकाणी होती. पर्वरीच्या ओ कोकेरो या हॉटेलात ते गिऱ्हाईक म्हणून बसून राहिले. ६ एप्रिल १९८६ च्या रात्री शोभराज आत आला. पंधरा वर्षांपूर्वी पाहिलेला चेहरा झेंडे यांनी ओळखला, झडप घातली, आणि पथकाने त्याला जागीच बांधून मोटारीने मुंबईला आणले. माणूस कसा वागेल याचा विचार आणि एकदा पाहिलेला चेहरा न विसरणे, या दोन गोष्टींवर ही अटक झाली.

त्यानंतर वर्षभरातच शहराला हुलकावणी देणारा दुसरा एक इसम उगवला, आणि तो आजवर सापडलेला नाही. मार्च १९८७ मध्ये मोन सिंग नावाने त्याने गुप्तचर व सुरक्षा अधिकारी हवेत अशी वृत्तपत्रात जाहिरात दिली, ताजमध्ये मुलाखती घेतल्या आणि २६ तरुण निवडले. १९ मार्च रोजी त्यांना बसमध्ये घालून तो ऑपेरा हाउसच्या त्रिभुवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर गेला. सीबीआयचा छापा असल्याचे सांगितले, वॉरंट दाखवले, दागिन्यांचे नमुने पिशव्यांत भरून सील केले, आणि पोरांना पहाऱ्यावर बसवून पिशव्यांसह निघून गेला. बराच वेळ कोणी परत आले नाही तेव्हा फसवणूक कळली. नोकरी लागली म्हणून घरी पेढे वाटायच्या तयारीत असलेल्या त्या तरुणांवर संशयित म्हणून जबाब द्यायची पाळी आली. तपास केरळपर्यंत गेला, पण माग तिथेच हरवला. या घटनेवर पुढे हिंदी चित्रपट आला आणि लोकांनी त्या चलाखीला दाद दिली. शाखेच्या दृष्टीने ते अपूर्ण राहिलेले काम आहे, आणि या स्मरणिकेत यशाच्या शेजारी त्याची नोंद असायलाच हवी.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर दाऊद इब्राहिम दुबईला पळाला. त्याचे वडील इब्राहिम कासकर याच दलात हवालदार होते. आता हद्द समुद्रापलीकडे गेली होती.

नव्वदचे दशक

१२ मार्च १९९३. शेअर बाजारापासून सुरुवात होऊन दुपारभर बारा स्फोट झाले. मध्य मुंबईने त्या दिवशी फार सोसले. दादरचे प्लाझा, सेनाभवनाजवळचा पेट्रोल पंप, वरळीचे सेंच्युरी बझार. एकूण २५७ माणसे गेली.

वरळीला बेवारस सोडलेल्या एका मारुती व्हॅनमध्ये शस्त्रे मिळाली. तिची नोंदणी माहीमच्या मेमन कुटुंबाकडे निघाली. घर बंद होते. कुटुंब स्फोटांपूर्वीच दुबईला गेले होते. नायगावला एक स्कूटर न फुटलेल्या स्फोटकांसह सापडली होती, आणि मेमनांच्या घरात मिळालेली एक किल्ली त्या स्कूटरला लागली. तपास तेव्हा वाहतूक विभागाचे उपायुक्त असलेल्या राकेश मारिया यांच्याकडे सोपवण्यात आला होता. त्यांच्या हाताखाली वेगवेगळ्या ठाण्यांतून आणि गुन्हे शाखेतून आलेले अधिकारी व शिपाई महिनोन् महिने राबले. ४ नोव्हेंबर १९९३ रोजी १८९ आरोपींविरुद्ध आरोपपत्र दाखल झाले आणि पुढील तपास सीबीआयकडे गेला. खटला चाललेल्यांपैकी शंभर जण दोषी ठरले. याकुब मेमनला २०१५ मध्ये नागपूरला फाशी झाली. टायगर मेमन आणि दाऊद आजही फरार आहेत.

त्यानंतरची वर्षे खंडणीच्या फोनची आणि गोळीबारांची होती. लालबागच्या दुकानदारापासून चित्रपट निर्मात्यापर्यंत सगळ्यांना फोन येत. त्याच काळात चकमकींची संख्या वाढली. १९९५ ते १९९७ मधील मुंबईच्या चकमकींवरून उभ्या राहिलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये देशभरासाठी मार्गदर्शक नियम घालून दिले. प्रत्येक चकमकीचा गुन्हा नोंदवून स्वतंत्र तपास झालाच पाहिजे, हा त्यातला गाभा. ते नियम शाखेच्या हिताचेच आहेत. फरारी माणूस न्यायालयात जिवंत उभा राहिला तरच त्याच्या तोंडून पुढची नावे निघतात आणि मेलेल्यांच्या घरच्यांना काय घडले ते कळते. संघटित गुन्हेगारीची खरी कोंडी झाली ती १९९९ च्या मकोका कायद्याने. टोळीचा पैसा, फोन आणि सूत्रधार एकाच आरोपपत्रात बांधता येऊ लागले.

एकविसाव्या शतकाचे पहिले दशक

परदेशातली दारे हळूहळू उघडू लागली. दुबईहून २००३ मध्ये स्फोट खटल्यातला आरोपी मुस्तफा डोसा आणला गेला. त्याच खटल्यातल्या अबू सालेमला २००२ मध्ये लिस्बनला अटक झाली, पण फाशी देणार नाही आणि २५ वर्षांपेक्षा अधिक काळ तुरुंगात ठेवणार नाही, अशी हमी भारताने पोर्तुगालला दिल्यावरच तो ११ नोव्हेंबर २००५ रोजी इथे पोचला. दुसऱ्या देशातून आरोपी आणायचा तर त्या देशाच्या कायद्याचे ऐकावे लागते. लिस्बनच्या न्यायालयाला पटेल असे पुरावे इथल्या फौजदाराला कागदावर मांडता आले पाहिजेत, हा धडा दलाने तेव्हा घेतला. मीरा बोरवणकर या शाखेच्या पहिल्या महिला प्रमुखही याच दशकातल्या.

२६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री रंगभवनच्या गल्लीत हेमंत करकरे आणि अशोक कामटे यांच्यासह गुन्हे शाखेच्या खंडणीविरोधी पथकाचे विजय साळसकर धारातीर्थी पडले. त्यांचे मारेकरी मोटार पळवून मरीन ड्राइव्हने निघाले, आणि गिरगाव चौपाटीला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग ठाण्याच्या नाकाबंदीत अडले. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त काठी होती. त्यांनी मारेकऱ्यांपैकी अजमल कसाबच्या बंदुकीची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि नळी सोडली नाही. सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. त्याच्या जिवंत असण्यामुळेच कट कुठे शिजला हे जगापुढे पुराव्यानिशी मांडता आले. तपास गुन्हे शाखेने केला, रमेश महाले मुख्य तपास अधिकारी होते. २५ फेब्रुवारी २००९ ला, म्हणजे तीन महिन्यांत, अकरा हजारांहून अधिक पानांचे आरोपपत्र सादर झाले. त्यात ३५ जण फरार दाखवले होते. कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. हल्ल्याच्या कटातील आरोपी तहव्वूर राणा एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून भारताच्या ताब्यात आला.

२०१० नंतर

ऑगस्ट २०१३ मध्ये महालक्ष्मीच्या बंद शक्ती मिलमध्ये घडलेल्या सामूहिक बलात्काराने शहर संतापले. गुन्हे शाखा आणि ठाण्यांची पथके रात्रंदिवस फिरली आणि तीन दिवसांत पाचही आरोपी ताब्यात आले. शेवटचा दिल्लीला सापडला.

तुरुंगातून रजेवर सुटून पळणारे कैदी ही या काळातली मोठी डोकेदुखी. गुलशन कुमार खून खटल्यात जन्मठेप झालेला अब्दुल रौफ २००९ मध्ये फर्लोवर सुटून बांगलादेशात गेला. २०१६ मध्ये तो परत आणला गेला. वडाळ्यात एका तरुण महिला वकिलाचा खून करणारा सुरक्षारक्षक २०१६ मध्ये नाशिक तुरुंगातून पॅरोलवर बाहेर आला आणि नाहीसा झाला. मुलीच्या खुन्याला शिक्षा झाली म्हणून जरा सावरलेल्या घरावर हा दुसरा आघात होता. शाखेच्या पथकाने धीर सोडला नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये काश्मीरमधून त्याला पुन्हा पकडून आणले.

आज कॅमेऱ्यांचे जाळे आहे, फोनचे तपशील आहेत, ठसे आणि चेहरा जुळवणारी संगणक प्रणाली आहे. लुकआउट नोटीस आणि रेड कॉर्नर नोटीस हे शब्द शिपायाच्याही तोंडी आहेत. तरी वीस-तीस वर्षे जुन्या वॉरंटची बजावणी अजून पायीच होते. जुन्या पत्त्यावर इमारत पुनर्विकासात गेलेली असते. मग शेजारी कुठे राहायला गेले ते विचारायचे, गावची मतदारयादी पाहायची, भावाबहिणींच्या घरची लग्ने कधी आहेत ते माहीत करून घ्यायचे. कोकणातला माणूस कितीही लपला तरी गणपतीला त्याचे मन घराकडे ओढते, हे ठाण्यातल्या जुन्या अंमलदारांना पक्के ठाऊक असते, आणि त्या दिवसांत साध्या कपड्यांतली माणसे गावच्या एसटी थांब्यावर उभी असतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५६ ने आणखी एक वाट दिली आहे. गंभीर गुन्ह्यातला उद्घोषित आरोपी मुद्दाम फरार राहिला आणि लवकर सापडण्याची शक्यता नसली, तर आरोपनिश्चितीनंतर ९० दिवसांनी त्याच्या गैरहजेरीत खटला चालवता येतो. त्यासाठी वॉरंट, जाहीर उद्घोषणा आणि वृत्तपत्रातली नोटीस ही प्रत्येक पायरी कागदोपत्री निर्दोष हवी, कारण उद्या तो परतला तर त्याच कागदांवर वरिष्ठ न्यायालयात प्रश्न विचारले जातील. साक्षीदार म्हातारे होण्याआधी खटला आता पूर्ण करता येईल. सेंच्युरी बझारला आणि प्लाझाला ज्यांनी माणसे गमावली, त्यांनी अशा सोयीची तीस वर्षे वाट पाहिली. शाखेतल्या नव्या पिढीच्या अधिकाऱ्यांपुढे पुढच्या काही वर्षांचे पहिले काम हेच आहे.